दसऱ्याचं तेल

आमच्या दापोडीच्या घरात तेलाचे डबे दोनच. एक गोडेतेलाचा, ओट्याखाली, त्याच्या तोंडाला आईने बांधलेलं फडकं कायम तेलकट. दुसरा घासलेटचा, दाराबाहेर मोरीच्या कोपऱ्यात. तिसरा डबा घरात आला तो एका दसऱ्याला, आणि तो ओट्याखाली गेला नाही की मोरीतही गेला नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो थेट देवांपाशी ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि आईला म्हणाले, "हात लावू नका कुणी. इंजिनचं तेल हाय. कंपनीनं दिलंय." त्या डब्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती, तेच आज लिहायला घेतलंय. सलग लिहिणं आता होत नाही. जन्मभर वायरी ओढल्या, बोटांची पेरं सकाळी वळत नाहीत, गरम पाण्यात धरावी लागतात. होईल तेवढं लिहिते.

अण्णा बीडकडचे. चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या इंजिनाचे भाग बनायचे, तिथे ते लागले ते टेंपररी म्हणून. टेंपररीचं असं असायचं की काही महिने काम झालं की कंपनी ब्रेक द्यायची. म्हणजे घरी बस, मग पुन्हा बोलावू, पुन्हा पहिल्यापासून टेंपररी. ब्रेक लागला की अण्णा गल्लीला कळू द्यायचे नाहीत. रोजच्या वेळेला अंघोळ करायचे, कंपनीचा शर्ट घालायचे, आई डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरून द्यायची, आणि ते जाऊन दापोडी स्टेशनच्या बाकड्यावर बसायचे. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला परत. आम्हाला ठाऊक होतं. गल्लीलाही ठाऊक होतं, कारण निम्मी गल्ली त्याच बाकड्यांवर डबे घेऊन बसलेली असायची. पण कुणी कुणाला विचारत नसे. आई फक्त डबा परत आला की उघडून बघायची, भाकरी उरली असली की समजायची आज मन थाऱ्यावर नव्हतं.

असं कितीतरी वर्षं चाललं, आणि मग एकदाचे ते पर्मनंट झाले. त्या दिवशी अण्णा पेढे घेऊन आले आणि दारातच बसून राहिले. आनंद झाला म्हणून नव्हे, दमल्यासारखे. पुढे मी खूप माणसं पर्मनंट होताना पाहिली, सगळी आधी अशीच बसतात. पर्मनंटला कंपनीची बस असते. पहाटे ती नाशिक फाट्यावर येऊन थांबायची, अण्णांना तिथवर चालत जायचं एवढंच. त्यामुळे त्यांची मोटारसायकल रिकामी झाली, आणि नेमकं मला त्याच दिवसांत चाकणला काम मिळालं होतं. वायरिंगच्या युनिटमध्ये. गाड्यांमधल्या तारांचे जुडगे असतात ना, ते फळीवर मांडून बांधायचे. सगळ्या पोरीच. युनिट छोटं, बस नाही. पहिल्या शिफ्टला दापोडीहून भोसरी, भोसरीहून सहा सीटर रिक्षा, उतरून पुन्हा आत चालत, एवढं करून वेळेत पोचणं म्हणजे नशिबाचा खेळ. आणि आमच्या सुपरवायझर बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ट्रेनिंगमध्ये उशीर चालत नाही, बाहेर पोरींची रांग आहे.

तर अण्णांनी स्वतःहून मला गाडी शिकवली. नदीकडेच्या मोकळ्या मैदानात, दर सुट्टीला. त्या वेळी आमच्याकडे मुली फार तर लुना चालवायच्या. मी सलवारीवर अण्णांचं जुनं जॅकेट घालून गिअरची गाडी चालवायचे तर लोक थांबून बघायचे, आणि अण्णा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "सोड, सोड, हळू सोड क्लच. हां, अश्शी." आई म्हणायची, पोरीला कोण करून घेणार आता. अण्णा म्हणायचे, "तिला कशाला कुणी करून घ्यायला पायजे, ती तिच्या पायानं चाललीय की." माझ्या बापाने माझ्याबद्दल काढलेलं यापेक्षा चांगलं वाक्य मला आठवत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

दसऱ्याला त्यांच्या कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे. आम्ही नवे कपडे घालून गेलो. एवढाली मशीनं, त्यांना केळीचे खुंट बांधलेले, लिंबू, नारळ, कुंकू. अण्णा आपल्या मशीनवर हात ठेवून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "ही बघ." आईने वाकून नमस्कार केला. मग वाटप. मिठाईचा बॉक्स सगळ्यांना. पर्मनंटची रांग वेगळी, आणि त्या रांगेत प्रत्येकाला एक चकचकीत डबा, भारीतल्या इंजिन ऑइलचा. वर मोटारीचं चित्र. ज्या इंजिनांचे भाग आपण बनवतो त्याच इंजिनांत हे तेल जातं, असं साहेब माइकवर म्हणाले. आमच्या गल्लीतला विलास टेंपररी होता, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. तो नुसता मिठाईचा बॉक्स घेऊन बाहेर उभा. "काका, आता तुमची गाडी विमानासारखी पळणार बघा," असं तो हसत म्हणाला, पण डब्याकडे बघणं काही त्याला टाळता आलं नाही.

मोटार आमच्या गल्लीत कुणाकडे होती? सगळ्या मोटारसायकली. डबा देवापुढून उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत गेला. अण्णांनी गाडीखाली आईची जुनी परात सरकवली, जुनं काळं तेल सोडलं, आणि नवं ओतलं. मधासारखं होतं दिसायला, उन्हात धरलं तर आरपार दिसायचं. "एवढं पातळ?" असं मी विचारलं. "भारीचं असंच असतंय," अण्णा म्हणाले. गल्लीत त्या सकाळी जिकडे तिकडे पराती. अण्णांच्याच कंपनीतले जगताप काका समोरच्या दारात तेच करत होते, पलीकडे आणखी कुणी. डब्यात थोडं तेल उरलं. अण्णांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा पुन्हा देवांपाशी.

पहिले काही दिवस गाडी खरंच लोण्यासारखी चालली. दिवाळीचा फराळ संपत आला तसं काहीतरी बिनसायला लागलं. मी गिअर टाकून वेग घ्यायला गेले की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मात्र जागच्या जागी. चाकापर्यंत जोरच पोचत नव्हता. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चाकणच्या बाजूला रस्ता चढाला लागतो, तिथे तर मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून जीव नको करायचे. जळल्याचा वास यायचा. एकदा उशीर झाला, मग पुन्हा झाला. बाईंनी बोलावून सांगितलं, "मंगल, आता पुढच्या वेळी गेटवरूनच परत जायचं. कार्ड पंच करायला आत यायचं नाही."

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं की गाडीचा क्लच सुटतो. अण्णांनी गाडी उभ्या उभ्या रेस करून बघितली, वास घेतला, आणि म्हणाले, "तू क्लच अर्धा दाबून चालवायलीस. प्लेटा जाळल्यास."

"नाही अण्णा. तुम्ही शिकवलंय तसंच चालवते."

"मंग गाडी का खोटं बोलती? इतकी वर्सं माझ्या हातात होती, कधी न्हाई झालं. बाईमाणसाच्या हाताला अंदाज नसतोय, चूक माझीच, मी दिली." आणि चावी खुंटीवरून काढून खिशात घातली. वर संध्याकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून गल्लीला सांगितलं, हसत हसत, पोरीने क्लच जाळला म्हणून. लोकही हसले. मी आत कणीक मळत होते, माझे कान तापले. बापाचं बोलणं लागत नाही म्हणतात. लागतं, चांगलं लागतं.

चावी गेली तशी मी पुन्हा सहा सीटरला लोंबकळायला लागले. अंधार असतानाच निघायचं, वेळेत पोचलो की जीव भांड्यात, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. त्या लोंबकळण्यात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. क्लच नुसता आमचाच गेला नव्हता. जगताप काकांचीही गाडी चढाला दम टाकत होती, आणि ते बायकोला म्हणत होते, तुझं वजन वाढलं. काकू बिचाऱ्या गाडीवर बसायच्या बंद झाल्या, भाजी आणायला चालत जायच्या. पलीकडच्या घरात मुलाला शिव्या बसत होत्या, त्याने म्हणे मित्राला गाडी दिली असणार. घराघरात दोषी वेगळा, पण त्या घरचा पर्मनंट माणूस काही त्यात नव्हता. आणि विलासची गाडी, सगळ्यांत जुनी, एक आरसा नसलेली, ती मात्र मागे दोघांना बसवून सरळ चढ चढून जायची.

एका सुट्टीला मी भोसरीला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, क्लचप्लेटा केवढ्याला पडतात ते विचारायला. दुकानदाराने मान वर न करताच म्हटलं, "आणखी एक आले. दसरा झाल्यापासून नुसत्या क्लचप्लेटाच मागतायत. काय घालताय राव तुम्ही लोक गाड्यांत?" मी म्हटलं, इंजिन ऑइल, चांगलं, मोटारीचं. तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "ताई, मोटारीचा क्लच कोरडा असतो, तेलापासून लांब. मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडालेला. तुम्ही त्याला निसरडं तेल पाजलंत, तर तो धरणार कशाला?" एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथे फूटपाथवर उभी राहिले. मला आनंद व्हायला हवा होता, सुटले म्हणून. झालाही, थोडा. पण लगेच डोळ्यांपुढे देवांपाशी ठेवलेला डबा आला आणि घरी जाऊन हे सांगायचं कसं, या विचारानेच मी थकले.

सांगितलं तरीही. जेवायच्या वेळी सांगितलं, तेही चुकलंच. पिठलं-भाकरी होती. अण्णांनी ऐकून घेतलं आणि घास ताटात ठेवला.

"कंपनीचं तेल वाईट?"

"वाईट नाही हो अण्णा. उलट भारी आहे. आपल्या गाडीचं नाही, एवढंच."

"साहेबांना कळत न्हाई, त्या दुकानदाराला कळतं."

"साहेबांनी मोटारसायकलमध्ये घाला असं कुठं सांगितलं?"

यावर अण्णा उठले. हात धुतला, शर्ट घातला आणि बाहेर निघून गेले. मी आईकडे बघितलं, मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती ताटातली भाकरी झाकत म्हणाली, "बाई, तुझं खरं असंल. पण इतकी वर्सं त्या मानसानं बाकड्यावर बसून काढली आन् हातात आला काय, तर एक डबा. तोबी चुकीचा म्हणायलीस." मला आईचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "आणि माझी नोकरी गेली म्हणजे?" आई म्हणाली, "तीबी जाऊ नये. मी काय करू सांग." आज तिच्या वयाची झाल्यावर कळतं, घरातल्या बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा असंच काहीतरी येतं, दोन्हीकडचं खरं असलेलं.

मग तो दिवस आला. सहा सीटरवाल्यांवर पोलिसांनी कारवाई सुरू केली होती म्हणून त्यांनी गाड्या बंद ठेवल्या. मला पहाटेच शेजारणीकडून कळलं. मी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. रडले नाही, रडायचंही त्राण नव्हतं. अण्णांची साप्ताहिक सुट्टी होती, तरी अंगात कंपनीचाच शर्ट. पर्मनंट झाल्यापासून ते तो सुट्टीलाही घालायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून चावी काढली आणि म्हणाले, "चल. सोडतो. बघ मी कसा चालवतो ते."

भोसरीपर्यंत गाडी गेली. मोशीपर्यंत गेली. अण्णांची पाठ सांगत होती की बघ, काही झालं का. पूल ओलांडला, चढ लागला आणि इंजिन ओरडायला लागलं. अण्णांनी गिअर खाली घेतला. आणखी ओरडलं. वेग उतरत उतरत चालण्यावर आला. मी मागून त्यांचा डावा हात बघत होते. चारही बोटं मुठीवर, क्लच पूर्ण सोडलेला. त्यांनाही दिसत होतं की मला दिसतंय. जळका वास आला, आणि गाडी जाग्यावर उभी राहिली, इंजिन मात्र चालूच. आम्ही उतरलो. अण्णा गाडी ढकलायला लागले, मी मागून. शेजारून कंपन्यांच्या बसेस जात होत्या, त्यांतली एक अण्णांच्या कंपनीची होती. खिडकीतून कुणीतरी हात केला. अण्णांनीही केला.

तेवढ्यात विलास आला, मागे एकाला घेऊन. गाडी थांबवली. "काय झालं काका?"

"काय न्हाई. जरा गरम झालीय."

विलासने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्याला सगळं कळलं असावं. "मला तेल मिळालं नाही ते बरंच झालं राव," तो म्हणाला. टोमणा मारायचा म्हणून नव्हे, गल्लीत बोलतात तसं सहज बोलला, आणि बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं. विलासने मागच्या मित्राला उतरवलं, म्हणाला तू मागून ये चालत, आणि मला म्हणाला, बस. मी अण्णांकडे बघितलं. "जा," अण्णा म्हणाले. "उशीर करू नको." गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. अण्णा रस्त्याच्या कडेला गाडी धरून उभे होते, कंपनीच्या शर्टात. गेट बंद व्हायच्या आत मी पोचले. बाई दारातच उभ्या होत्या, घड्याळ बघून बाजूला झाल्या.

संध्याकाळी घरी आले तर परात दारात होती. तेल काढलेलं. शेजारी नवा डबा, साधा, त्यावर मोटारसायकलचं चित्र. अण्णा मांडी घालून बसले होते, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी क्लचप्लेटाही बदलून आणल्या होत्या, त्या चढापासून गाडी कशी आणली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईने मला बघून चहा टाकला. अण्णांनी परातीतलं तेल फेकलं नाही. गाळून, त्याच चकचकीत डब्यात भरलं, झाकण लावलं आणि डबा पुन्हा आपल्या जागी नेऊन ठेवला. मग चावी माझ्यासमोर धरली. "क्लच जरा सांभाळून वापर," एवढंच म्हणाले. मी चावी घेतली. दुसऱ्या दिवशी तोच चढ मी वरच्या गिअरमध्ये चढले आणि बाईंच्या आधी गेटवर होते. त्या नोकरीवर मी पुढे कायम झाले, लग्न केलं, धाकट्या भावाला शिकवलं.

नंतरच्या सुट्ट्यांना गल्लीत एकेक परात बाहेर आली. जो तो म्हणायचा, जरा सर्व्हिसिंग करायलोय. जगताप काकू पुन्हा गाडीवर बसायला लागल्या. तेलाचं नाव कुणी काढलं नाही. पण मंगलने क्लच जाळला ही गोष्ट मात्र गल्लीत राहिली ती राहिलीच. माझ्या लग्नात सासरच्यांनाही ती सांगितली गेली, कौतुकाने, चेष्टेने. नवराही कितीतरी वर्षं म्हणायचा, तुझ्या हातात गाडी म्हणजे प्लेटांचा खर्च. मी हसून सोडायचे. सोडून सोडून माणूस दमतो.

आता आम्ही रावेतला राहतो. आई गेली. अण्णा माझ्याकडे असतात, दिवसातला बराच वेळ गॅलरीत. परवा भावाचा मुलगा आपली मोटारसायकल घेऊन आला होता. तिचा क्लच सुटत होता, आणि तो माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "आत्या, तू तर चालवली नाहीस ना? तुझी ख्याती आहे." मी स्वयंपाकघरात शेपू निवडत होते. नेहमीसारखं हसणार होते, तेवढ्यात गॅलरीतून अण्णांचा आवाज आला.

"तिनं न्हाई जाळला. तेल चुकीचं होतं." मग म्हणाले, "तेल मी घातलं होतं."

पोरगा बिचारा गोंधळला, त्याला कसलं तेल आणि कधीचं तेल. मी शेपूची जुडी तशीच टाकून गॅलरीत गेले. खरं सांगते, मला आधी राग आला. म्हटलं, "अण्णा, हेच तेव्हा गल्लीत बोलला असतात तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हल्ली ते असतंच.

"तवा ओट्यावर बसणारे समदे जुने पर्मनंट होते, माय," ते म्हणाले. "मी नुकताच झालतो."